कपाळावरचं पाणी

सौंसर, ८ फेब्रुवारी २०२६

केतकी,

तुझं पत्र मिळालं. फोन करू नकोस असं मीच सांगितलं होतं आणि तू ते ऐकलंस. एवढं एक तरी ऐकलंस. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग गौरवची बायको स्वयंपाकघरातून डोकावते. कागदावर चिडलो तर कुणाला ऐकू जात नाही.

तर माझ्या बायकोचा बाप्तिस्मा झाला म्हणतेस. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच देवघरातल्या पाण्यानं. आणि करणारी कोण, तर तुझी तिसरीतली पोर. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, असं तुमच्या रविवारच्या वर्गात शिकवतात म्हणे. आमच्या शाळेत मुलं सातचा पाढा दिवाळीपर्यंत विसरायची, आणि तुमच्या मुलांचं हे बरं लक्षात राहतं.

तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्याला तिसरा दिवस होता. गडूत गंगाजळ होतं, त्यात रजनीकाकूनं जामसांवलीच्या मारुतीचं तीर्थ मिसळलं होतं. बायका रांगेनं येऊन वच्छलाच्या तोंडात एकेक चमचा सोडत होत्या. तू उंबऱ्याशी उभी होतीस. तुला कुणी नको म्हटलं नव्हतं, आणि ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. मग तुझी जसू पुढे झाली. तिनं चमचा घेतला, आजीच्या कानाशी वाकली आणि पाणी कपाळावर ओतलं. तीनदा. रजनीकाकू म्हणाली, "तोंडात सोड ना वं बाई, कपाळावर काहून वतून राहिली?" आम्हाला वाटलं, लेकरू ख्रिस्ती घरात वाढलेलं, त्याला रीत काय माहीत. शेजारणींनी तर डोळे पुसत तिचं कौतुक केलं. आता कळलं की रीत तिला चांगली माहीत होती, फक्त ती आपली नव्हती.

गौरवला मी हे सांगितलेलं नाही, तूही आपल्या भावाला सांगू नकोस. हल्ली अशा गोष्टींवरून माणसं ठाण्यात जातात आणि गौरवचे मित्र कसे आहेत ते तू तेरवीला पाहिलंसच. आठ वर्षांच्या पोरीचं नाव त्यांच्या तोंडी यायला नको.

ती नीट जेवत नाही, वर्गाला जात नाही, येत्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा तो पवित्र प्रसाद घ्यायचा तुमचा सोहळा आहे त्याला बसणार नाही म्हणते, असं लिहितेस. ते तू आणि विल्सनराव नवराबायको बघा. मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. तुझा धर्म काय म्हणतो, तुझी आई आता कुठे आहे? आणि तू काय म्हणतेस? गोल गोल लिहू नकोस.

मुकुंद


सौंसर, २२ फेब्रुवारी २०२६

केतकी,

तू एका ओळीत उत्तर दिलंस: "आई बाहेर नाही, बाबा, पण हे जसूला समजेल असं मला सांगता येत नाही, कारण मला स्वतःला कुणाला विचारायची भीती वाटत होती." तुझ्या उत्तरानं मला बरं वाटलं. हे लिहिणार नव्हतो, पण लिहिलं.

पोरीचं म्हणणं आता मला नीट कळलं. सिस्टरनी वर्गात शिकवलं की बाप्तिस्मा हे तारणाचं दार आहे. पुढचं गणित पोरीनं स्वतः केलं: आजीचा बाप्तिस्मा नाही, म्हणजे आजी दाराबाहेर. म्हणून तिनं ते पाणी घातलं. नंतर तुमच्या फादरनी तुला सांगितलं की मोठ्या माणसाला त्याची स्वतःची इच्छा असल्याशिवाय बाप्तिस्मा लागू होत नाही, आणि ते जसूनं दाराआडून ऐकलं. "आजी तिथं नसेल तर मलाही तिथं जायचं नाही. मग तो प्रसाद मी कशाला खाऊ?" हे तिचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बागेत जाऊन आलो. पोरीचं डोकं तुझ्या आईवर गेलं आहे. वच्छलाही एकदा मनात घेतलं की घेतलं.

आता तुझा प्रश्न. त्या वेळी आई काही बोलली का? तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तेव्हा मला ठाऊक असणारच. नाही बोलली. तिला शुद्धच नव्हती. काही एक बोलली नाही. याउपर हा विषय काढू नकोस.

आपल्या बोरगावच्या बागेतली मृग बहराची संत्री उतरायला लागली आहेत. दुपारच्या नागपूर बसनं एक पेटी पाठवली आहे, कंडक्टर ओळखीचा आहे, विल्सनरावांना स्टँडवर जायला सांग. वरच्या थरातली जसूसाठी आहेत. वच्छलाच तिला जसू म्हणायची म्हणून मी म्हणतो. जसिंता माझ्या तोंडात बसत नाही.

मुकुंद


सौंसर, १५ मार्च २०२६

चि. केतकी,

काल पांढुर्ण्याला जाऊन आलो. जिल्हा झाल्यापासून सगळी कामं तिकडंच निघतात, त्यामुळे गौरवनं काही विचारलं नाही. पण काम काही नव्हतं. तिथं एक फादर राहतात, त्यांच्याकडे गेलो होतो. तुमच्या नागपूरच्या फादरशी भांडून तुला खाली बघायला लावायचं नव्हतं. आणि सौंसरात मला कुणी पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत मुकुंद गुरुजी बाटले अशी बातमी झाली असती.

फादर म्हणजे तिशी-पस्तिशीतलं पोरगं आहे. झारखंडचा, हिंदीत बोलतो. त्यानं चहा मागवला. मी आधी नको म्हटलं, मग घेतला. भांडायला घसा ओला लागतो.

मी जसूचं नाव घेतलं नाही. एका नातीची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं आणि विचारलं, माझी बायको कुठे आहे ते सांगा. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, तारण ख्रिस्ताकडूनच येतं हे आमचं म्हणणं आहे, आणि तुम्हाला गोड वाटावं म्हणून मी ते बदलणार नाही. इथं मी उठणार होतो. तो म्हणाला, बसा, एवढंच म्हणणं नाही. ज्याला त्याची ओळख झालीच नाही, आणि त्यात ज्याचा दोष नाही, पण ज्यानं खऱ्या मनानं देवाला शोधलं आणि मनाला जे बरोबर वाटलं तसं वागलं, त्यालाही तारण मिळू शकतं. हेसुद्धा चर्चचंच म्हणणं आहे, त्याचं एकट्याचं नाही.

मिळू शकतं, हा शब्द मी पकडला. मिळतं की नाही ते सांगा म्हटलं. तो म्हणाला, कुणाही एका माणसाचं नाव घेऊन 'हा गेला' असं म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. 'हा पोचला' असंही फार थोड्यांविषयी म्हणतो, ते संत. बाकी सगळ्यांसाठी, अगदी बाप्तिस्मा झालेल्यांसाठीसुद्धा, आम्ही आशा धरतो आणि प्रार्थना करतो. देवानं तारण त्या पाण्याशी बांधून दिलं आहे, पण देव स्वतः त्या पाण्याला बांधलेला नाही.

मी इतक्या लवकर हार मानणाऱ्यातला नाही, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, माझ्या बायकोला तुमच्या ख्रिस्ताचं नाव माहीत नव्हतं असं कसं म्हणता? लेक ख्रिस्ती झाली, जावई ख्रिस्ती. तिच्या कानावर ते नाव पुष्कळदा आलं होतं. त्यावर त्यानं मला विचारलं, ते नाव तुमच्या घरात आलं तेव्हा त्याच्याबरोबर काय आलं?

मी म्हटलं, भांडण आलं. लेक गेली.

"तो गुरुजी, उनका दोष कैसे मानें?" असं तो म्हणाला. मला रडू आलं. परक्या माणसासमोर, तेही एवढ्याशा पोरासमोर. तेरवीलाही मी रडलो नव्हतो.

निघताना त्यानं फार साधेपणानं विचारलं, तुमच्या घरात तुमच्या लेकीची काय सोय आहे? तिनं मेल्यावर कुठं जायचं असं तुम्ही मानता? मी सदतीस वर्षं शिक्षक होतो, कोणत्याही प्रश्नाला काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून न्यायची मला सवय. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात असं आपण म्हणतो. मीही दर वर्षी वर्गात म्हणायचो. पण तू त्यातल्या एका वाटेनं गेलीस तेव्हा मी दार लावून घेतलं, आणि तुझं पुढं काय होणार याचा विचारच केला नाही. तुझ्या पोरीनं तिच्या आजीचा निदान विचार तरी केला.

हे सगळं पोरीला कसं सांगायचं ते तू बघ. तिच्या चुकीला चूक म्हणू नकोस एवढंच.

बाबा


सौंसर, २८ मार्च २०२६

चि. केतकी,

तुझं पत्र आज आलं आणि आजच उत्तर लिहितो आहे, कारण उद्या माझी हिंमत राहील की नाही सांगता येत नाही.

तू लिहितेस की देव पाण्याला बांधलेला नाही हे तू जसूला समजावून पाहिलंस, पण ती ऐकत नाही. ती म्हणते, आजी बोलली होती, आजीनं हो म्हटलं होतं, म्हणजे पाणी लागलं असणार. तुम्ही म्हणता, आबाजींनी तर लिहिलं आहे की आजीला शुद्ध नव्हती. मग विल्सनरावांनी तिला समजावलं की कधी कधी मनात असतं ते आपल्याला ऐकू आल्यासारखं वाटतं. तेव्हापासून ती तुमच्यापैकी कुणाशी बोलत नाही.

पोर खोटं बोलत नाही. मी खोटं लिहिलं.

ती कानाशी वाकून म्हणाली, "आजी, डोक्यावर पाणी घालू? देवाचं आहे." वच्छलानं डोळे उघडले. तिला ओळख पटली होती, मी शपथेवर सांगतो. ती म्हणाली, "घाल माय. तुह्या मनाले बरं वाटते तं घाल." त्यानंतर ती कुणाशी काही बोलली नाही. माझ्याशीही नाही.

का लपवलं ते विचारशील. बेचाळीस वर्षांचा संसार, केतकी. तीन दिवस तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, एखादा शब्द तरी बोलेल म्हणून. ती बोलली ती तुझ्या लेकीशी. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, हे मी लिहून दिलं तर ते तिचं शेवटचं बोलणंही तुमच्या चर्चच्या खात्यात जाणार. माझ्याकडे मग राहिलं काय? म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं, आणि त्याचा मार लेकराला बसला.

ह्यावरून आईचा बाप्तिस्मा लागला असं मात्र धरू नका. मी आत्ताच पांढुर्ण्याच्या फादरना फोन करून विचारलं. ते म्हणाले, आपल्याला काय विचारलं जात आहे हे तिला कळलं नव्हतं. तिचं हो नातीला होतं, बाप्तिस्म्याला नव्हतं, आणि पोरीला खूश करायला दुसरं काही सांगू नका. मला हायसं वाटलं. लगेच स्वतःची लाजही वाटली, कारण पोर तिकडं ह्याच एका 'हो'च्या भरवशावर बसली आहे.

तिला मी लिहितो. खोटं मी लिहिलं, तेव्हा खरंही मीच लिहायला हवं. मला थोडे दिवस दे. विल्सनरावांना म्हणावं, तिची माफी मागा. तिला सांग की आबाजींनी कबूल केलं.

बाबा


सौंसर, ११ एप्रिल २०२६

चि. जसूस, आबाजीकडून खूप खूप आशीर्वाद.

तू खरं बोललीस. आजी बोलली होती, मी ऐकलं होतं, आणि मी ते लपवलं. मोठी माणसंही दुसऱ्याचं काही आपल्याजवळ ठेवून घेतात. आता मी सगळ्यांना खरं सांगितलं आहे. तुझ्या गौरवमामालाही सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल म्हणाला, "आई हो म्हणाली तं मी कोण आलो नाही म्हणणारा." तेव्हा आता ह्या घरात तुला कुणापासून काही लपवायचं नाही.

आता पाण्याचं. तुझं पाणी लागलं का, असं तू विचारतेस. तुझ्या फादरचं बरोबर आहे, बेटा. बाप्तिस्मा ज्याचा त्यानं मागायचा असतो. तान्ह्या बाळाला मागता येत नाही म्हणून त्याच्यासाठी आईबाप मागतात, पण आजी मोठी होती. आजीनं बाप्तिस्मा मागितला नाही. तिनं तुझं मन मोडायचं नाही म्हणून हो म्हटलं. तिला तू हवी होतीस. तू जे घातलंस ते तिनं घेतलं, ते तुझं प्रेम म्हणून घेतलं. हे ऐकून तुला वाईट वाटेल, पण तुझ्याशी मी पुन्हा खोटं बोलणार नाही.

मग आजी बाहेर राहिली का? नाही. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मी दोन वेळा पांढुर्ण्याच्या फादरशी भांडलो आहे, तेव्हा कुठं मला कळलं.

बोरगावच्या बागेत काळ्या नळ्या आहेत, त्या तू पाहिल्यास. त्याला ठिबक म्हणतात. प्रत्येक झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडतं. मीच ती लावली आणि झाडांना पाणी त्यातूनच द्यायचं असं ठरवलं. पण म्हणून पावसाला कुणी मनाई केली आहे का? धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरीला माझी नळी नाही, ती कुणी लावलीही नाही. तिला बोरं येतात ती कुणाच्या पाण्यानं? तुमचं चर्च असं म्हणतं की बाप्तिस्मा ही देवानं स्वतः घालून दिलेली नळी आहे, ती ज्याला मिळाली त्यानं सोडू नये, आणि दुसऱ्यालाही तिच्याविषयी सांगावं. पण पाणी देवाचं आहे. नळी नाही तिथं ते पोचणारच नाही असं तुमचं चर्च म्हणत नाही. ज्यानं खऱ्या मनानं देवाला हाक मारली आणि चांगलं वागायची धडपड केली, त्याच्यापर्यंत ते कसं पोचवायचं हे देवाला माहीत असतं. आजीनं हाक मारली ती जामसांवलीच्या मारुतीला. तिला तेच नाव माहीत होतं. आणि ती कशी वागायची ते तुझ्या आईला विचार. तुझ्या आईशी मी बोलत नव्हतो, त्या सगळ्या वर्षांत आजी मला चोरून तिच्याशी बोलायची.

पण आजी पोचली याची पावती मी तुला देऊ शकत नाही. फादरही देत नाहीत. आपण फक्त आशा धरायची, आणि रोज तिचं नाव देवापुढं घ्यायचं. तू तुझ्या देवापुढं घे, मी आपल्या देवघरात घेतो. तिच्यासाठी जे करायचं ते सगळं त्या एका चमच्यात तुलाच करायचं होतं, असं तुला वाटलं ना? तेवढं ओझं देव आठ वर्षांच्या मुलीवर टाकत नाही.

तू आईला विचारलंस, मग आबाजी कुठं जाणार? मला माहीत नाही, जसू. मी काही बाप्तिस्मा घेणार नाही. मी माझ्या वाटेनंच जाणार, आणि ती वाट खोटी आहे असं मला वाटत नाही. पण वच्छला जिथं असेल तिथं मला जायचं आहे. तुझ्या देवाला ही गोष्ट तू सांगून ठेवलीस तर माझी काही हरकत नाही.

आता तुझ्या प्रसादाचं. तू तो घ्यावास असं मला वाटतं. आजी नाही तिथं मी जाणार नाही, असं तू म्हटलंस. पण ती कुठं आहे हे ठरवायचं काम आपलं नाही, हे आता आपल्याला कळलं ना? मग तिच्यासाठी उपाशी राहून तू तिला काय देणार? तिनं कुणाला आपल्या दारातून उपाशी जाऊ दिलं नाही. तुला तर नाहीच जाऊ देणार. तरी तुझं मन नसेल तर घेऊ नकोस. आजीनं जसं स्वतः हो म्हणायला हवं होतं, तसं हेही तुझं तुलाच म्हणावं लागेल.

घ्यायचं ठरवलंस तर मी त्या रविवारी येणार आहे. सकाळच्या पहिल्या बसनं निघतो. ठरवलं नाहीस तरी येणारच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तू मधेच गोंधळणार नाहीस. तो प्रसाद मला मिळणार नाही. तुमच्यातल्यांनाच मिळतो. मला आधी राग आला, मग फादरना विचारलं, ते म्हणाले, हो, असंच आहे. असू दे. तुझी आई उठेल, पप्पा उठतील, बाकावरचे सगळे उठून पुढं जातील. मी एकटाच बसलेला राहीन. तेव्हा माझी काळजी करू नकोस, मागं वळून बघू नकोस, सरळ पुढं जा. परत फिरशील तेव्हा मी तिथंच दिसेन.

तुझा
आबाजी